घरातल्या जुन्या वस्तूंची नोंदवही कशी करावी? (कोल्हापूर आणि परिसर)

करवीरकन्या
नमस्कार मंडळी. मंगळवार पेठेतलं आमचं जुनं घर दिवाळीनंतर पाडायचं ठरलंय. माळ्यावर, फडताळात, देवघराखालच्या पेटीत तीन पिढ्यांचं सामान आहे. तांब्याचा बंब, घंगाळ, नावं घातलेली भांडी, आजीचा साज, आजोबांचा तालमीतला फोटो, खासबागेतल्या कुस्तीत मिळालेली चांदीची छोटी गदा, एक शिसवी पेटी आणि तिच्यात कापडात बांधलेले मोडी कागद. घर रिकामं करताना हे चार भावांच्या चार फ्लॅटमध्ये जाणार. ते जाण्याआधी प्रत्येक वस्तूची नीट नोंद व्हावी, फोटो निघावा आणि ती कुणाची, कुठून आली, कशासाठी वापरायचे हे लिहिलं जावं असं मला मनापासून वाटतं.

घरात आता या गोष्टी माहीत असणाऱ्या दोघीच उरल्यात, माझी मोठी आत्या आणि थोरली काकू. दोघींचं वय सत्तरीच्या पुढे. आत्याला बंब कुठल्या वर्षी आला हे आठवत नाही, पण तो आला त्या दिवशी कोण बाळंतीण होती हे ती नावानिशी सांगते. ही माहिती दुसरीकडे कुठेच नाही.

अडचण अशी की मी वही उघडली आणि धाकट्या काकांनी विचारलं, "वाटणीची यादी करालीस काय?" त्यानंतर सगळे गप्प झाले. मला वाटणीत काही रस नाही, पण असं नुसतं सांगून भागत नाही. तर दोन प्रश्न आहेत. नोंद कशी करायची, कुठले रकाने, कुठले फोटो? आणि घरच्यांना संशय न येता हे काम पुढे कसं न्यायचं? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

कागदवेडा
ताई, फार चांगलं काम हातात घेतलंय. दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सुटला नाही तर पहिल्याचा उपयोग नाही.

दोन वह्या करा. एकीत वस्तूची हकीकत. दुसरीत वजन, किंमत आणि सध्या कुणाच्या ताब्यात ते. पहिली वही सगळ्या घराला दाखवायची, पोरांना वाचून दाखवायची, तिची झेरॉक्स चारही घरी द्यायची. दुसरीला सध्या हातही लावू नका. ती करायची वेळ आली तर चारही भावांनी एकत्र बसून करावी. हकीकत आणि किंमत एकाच पानावर आली की सगळ्यांची नजर किमतीकडे जाते आणि सांगणारं माणूस तोंड मिटतं. आमच्याकडे शाहूपुरीतल्या घरात हे होताना पाहिलंय.

आता नोंदीचं. वस्तूपासून सुरुवात करू नका, घरात आधीच असलेल्या याद्यांपासून करा. लग्न ठरताना ज्या याद्या झाल्या त्यांचे कागद बहुतेक घरांत कुठेतरी असतातच. मुलीच्या अंगावर काय घालणार, वरपक्षाला काय, मानपान कुणाकुणाचा, हे सगळं त्यात तारखेनिशी असतं, खाली दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या असतात. तसंच आहेराच्या वह्या. "मामाकडून पितळी हंडा १" ही एक ओळ मिळाली की त्या हंड्याचं वर्ष, गाव आणि नातं तिन्ही मिळतं. सोनाराच्या चिठ्ठ्या, शिलाई मशीनच्या हप्त्याच्या पावत्या, रेडिओच्या लायसनचं पुस्तक, सगळं बघा. हे कागद सापडले की आत्यांच्या आठवणीला आधार मिळतो. नुसतं "आठवतंय का?" विचारण्यापेक्षा कागद वाचून दाखवा, मग बघा कशा बोलतात.

भांड्यांवरची नावं हुबेहूब उतरवा. "चि. सौ. कां." पासून "यांजकडून सप्रेम भेट" पर्यंत, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासकट. मशीननं घातलेलं नाव आणि टोच्यानं टिंबं मारून कोरलेलं नाव यांतला फरकही लिहून ठेवा, टिंबांचं साधारण जुनं असतं.

क्रमांक साधे द्या: १, २, ३. दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही. वस्तू कुणाला दिली, मोडली, हरवली तरी तिचं पान राहू द्यायचं आणि खाली काय झालं ते लिहायचं. वस्तूला चिकटपट्टी लावू नका, गोंद तांब्यापितळेवर डाग पाडतो. सुती दोऱ्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधा.

गुजरीतला
आमच्या तीन पिढ्या सराफकट्ट्यावर गेल्या, म्हणून दागिन्यांपुरतं सांगतो. चार गोष्टी लोक हमखास विसरतात आणि पुढं त्यावरून भावाभावांत भांडणं होतात, म्हणून जरा लांबण लावतो.

जुन्या चिठ्ठीवर "४ तोळे" लिहिलेलं असलं तर ते आजचे चार तोळे नव्हेत. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. आता बाजारात १० ग्रॅमला तोळा म्हणतात. म्हणजे चिठ्ठीतले चार तोळे जवळपास ४६.६६ ग्रॅम होतात. आज कुणी वजन केलं आणि आकडा चिठ्ठीशी जुळला नाही की "कुणीतरी मधलं काढलं" किंवा "कुणीतरी भर घातली" असा संशय सुरू होतो, आणि सगळा घोळ मापाचा असतो. चिठ्ठीत जे आहे तेच उतरवा, तोळे-मासे-गुंजांत. ग्रॅम त्याच्या शेजारी वेगळे लिहा.

दुसरं, लाख. कोल्हापुरी साजाची पदकं आणि ठुशीचे मणी आतून लाखेनं भरलेले असतात. काट्यावरचं वजन सगळं सोन्याचं नसतं, त्यात लाख, दोरा, खडे सगळं आलं. वहीत "एकूण वजन, लाखेसह" असं स्पष्ट लिहा. आणि हात जोडून विनंती, फोटोआधी चकचकीत करायला म्हणून लाखेचा दागिना गरम पाण्यात किंवा रिठ्यात घालू नका. लाख मऊ पडते, पदक बसतं, आणि ते पुन्हा भरून देणारे कारागीर आता थोडेच राहिलेत. सुक्या मऊ मलमलीनं पुसा, तेवढं पुरे.

तिसरं, साजाचा फोटो काढताना एकेक पदक वेगळं दिसेल असा काढा. पारंपरिक साजात २१ पदकं मानतात. दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि एक डोरलं. मत्स्य, कूर्म, कमळ, बेलपान, चंद्र असं ओळखून लिहा. तुमच्या आजीच्या साजात कमी असतील तर तेही लिहा. नवीन गाठवताना पदकं कमी करून लेकींना एकेक द्यायची रीत बऱ्याच घरांत होती. आत्याला विचारा, तिच्याकडे एखादं असेल.

चौथं, १९६३ साली सुवर्ण नियंत्रण आलं तेव्हा १४ कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायला बंदी होती. त्या काळात घडवलेलं एखादं काही कसाला कमी उतरलं तर सोनारानं फसवलं असं लगेच वहीत लिहू नका. आधी दागिना कधी घडवला ते बघा. त्या दिवसांत कोल्हापुरातल्या कितीतरी सोनारांच्या घरी चूल पेटायची मारामार होती. माझे आजोबा त्याबद्दल बोलताना आवाज खाली यायचा.

करवीरकन्या
@गुजरीतला, साजातलं तुम्ही सांगितलंत ते वाचून आत्ताच आत्याला फोन केला. तिच्याकडे कासव आहे! मंगळसूत्राच्या डबीत ठेवलंय, तिच्या लग्नात आईनं दिलेलं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.
@कागदवेडा, दोन वह्यांचं पटलं. याद्यांचे कागद शोधते.

प्रयागकाठ
आम्ही आंबेवाडीचे. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला पंचगंगा घरात आली. त्यामुळे माझा सल्ला एका वाक्यात: वस्तू वाचेल की नाही ते आपल्या हातात नाही, तिची नोंद मात्र गावाबाहेर ठेवणं आपल्या हातात आहे. वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून तीन ठिकाणी ठेवा. एक मोबाईल-लॅपटॉपमध्ये, एक पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. नुसतं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून समाधान मानू नका. तिथं फोटो दाबून लहान होतो, मागचं अक्षर वाचता येत नाही.

पाण्यात भिजलेल्या फोटोंचं कुणाला लागेल म्हणून लिहितो. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सुटे करायचे नाहीत. स्वच्छ गार पाण्यात ठेवायचे, आपोआप सुटतात. चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही. मग टिपकागदावर किंवा सुती कापडावर चित्र वर करून सावलीत वाळवायचे, उन्हात नाही. फार असतील आणि दोन दिवसांत होणार नसेल तर मेणकागद मध्ये घालून फ्रीजरमध्ये ठेवायचे, पुढं सवडीनं एकेक काढता येतात. काचेला चिकटलेला फोटो फ्रेममधून उपटू नका, काचेसकट स्कॅन करा. आमच्या आजोबांचा एकच फोटो होता, तो असाच काचेसकट टिकलाय.

आणि ते ऐंशीच्या दशकातले चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले अल्बम. पूर नसला तरी त्यातले फोटो पिवळे पडतात. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून हळू सरकवला की सुटतो. फोटोच्या मागं बॉलपेननं लिहू नका, पुढं वळ उमटतो. मऊ पेन्सिल, कडेला, हलक्या हातानं.

मिरजकर_तिकटी
+१, धागा जपून ठेवतोय. स्कॅन किती डीपीआयला करावा?

कागदवेडा
@मिरजकर_तिकटी, पोस्टकार्डाएवढा किंवा लहान फोटो असेल तर ६००. मूळ प्रत टिफमध्ये, पाठवायला जेपीईजी. मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का आणि त्यावरचा पत्ता हे वर्ष ठरवायला मोठी मदत करतात.

रंकाळ्याची_आजी
पोरी, तुझं सगळं वाचलं. नातवानं टाईप करून दिलंय, पण बोलतो मी. देवघरातल्या टाकांचं, म्हंजे पत्र्यावर उठवलेल्या देवांच्या बारक्या मूर्तींचं, कुणी काही लिहिलं नाही म्हणून सांगतो.

टाक चांदीचे असतात, पूजेनं झिजतात, मग नाकडोळे दिसंनासे झाले की सोनाराकडं नवे करायला देतात आणि जुने त्यातच आटवतात, न्हाईतर नदीत सोडतात. ते देण्याआधी लिहून ठेव. कुठला टाक कुणाचा, जोतिबा, खंडोबा, अंबाबाई, यल्लमा, आणि एखादा घरातल्या माणसाचा, वीराचा पण असतो. त्यावरनं तुमचं कूळ कुठनं आलं ते कळतं. आमच्यात एक टाक कुणाचा ते सासूबाईंना पण ठाऊक न्हवतं, नुसतं घोडा आणि वर माणूस. पुढं माझ्या मावळणीनं, म्हंजे आत्यानं, सांगितलं, तो सासऱ्यांच्या चुलत आज्याचा, लढाईत गेलेला. ती गेली असती तर तेपण गेलं असतं.

देवघरातल्या वस्तूचा फोटो काढायच्या आधी थोरल्या काकूला इचार. सोवळंओवळं पाळत असतील तर त्यांनीच हातानं पाटावर मांडू दे, तू लांबनं फोटो काढ. मान ठेवलास तर माणूस बोलतं. आणि एकटीला बसवून इचारू नकोस. आत्या आणि काकू दोघींना संगट बसव, एकमेकीचं खोडत खोडत खरं निघतं. काका लोक दारात उभं राहून ऐकतील, ऐकू देत.

शिवाजी_पेठ_४१६०१२
आजींना नमस्कार. पण एका मुद्द्यावर माझं वेगळं मत आहे. किंमत आणि ताबा बाजूला ठेवा हे बोलायला बरं वाटतं. आमच्या घरी आईचं स्त्रीधन काय होतं ते कुणीच लिहिलं नाही, आणि ती गेल्यावर बहिणींना "असं काही नव्हतंच" असं ऐकावं लागलं. हकीकतीच्या वहीत निदान हा दागिना कुणाचा, माहेरचा की सासरचा, हे स्पष्ट हवं. त्यावरून वाद होईल म्हणून ते गाळलं, तर जिचं आहे तिच्यावरच अन्याय होतो.

कागदवेडा
@शिवाजी_पेठ, तुमचं बरोबर आहे आणि ते मान्य. "कुणाचं" हे पहिल्याच वहीत हवं, माहेर-सासरसकट. रुपयांतला आकडा आणि आज कुठल्या कपाटात आहे, एवढंच दुसरीत. सुरक्षेसाठीही ते बरं, कारण पहिली वही चार घरी फिरणार आहे.

मोडीवाचक
शिसवी पेटीतल्या कागदांबद्दल. कापड सोडताना घडीवर जोर देऊ नका, घडी कुजलेली असली तर तिथंच तुकडा पडतो. लॅमिनेशन तर अजिबात नको. पुन्हा उघडता येत नाही आणि आत कागद खराब होत राहतो. सुती कापडात परत बांधा, वाळवी-कसरीसाठी वेखंडाची पुरचुंडी पेटीत ठेवा, पण कागदाला लागून नको. डांबराच्या गोळ्या थेट कागदावर टाकू नका.

वाचता येत नसलं तरी नोंद करता येते. प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो, लांबी-रुंदी, शिक्का आहे का, कुठे आहे. तारखांसाठी थोडं गणित लागतं. शक असेल तर ७८ मिळवा, जानेवारीपासून पाडव्यापर्यंतची तिथी असेल तर ७९. फसली, म्हणजे महसुली सन, असेल तर ५९० किंवा ५९१, कारण फसली वर्ष जूनमध्ये, मृगाला बदलतं. फसली १३०० म्हणजे १८९०-९१. आणि "इहिदे सबैन मया व अलफ" असलं काही दिसलं तर घाबरू नका. तो सुहूर सन, अरबी आकडे शब्दांत लिहिलेले. एक, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १७७०-७१ येतं. वहीत मात्र मूळ तारीख आधी लिहा, इसवी सन नंतर.

कोल्हापुरात शासनाचं पुराभिलेखागार आहे. करवीर दरबाराचे कागद तिथं आहेत, त्यामुळे तुमच्या कागदात एखादं इनाम, गाव किंवा वतन आलं तर ताडून बघायला तीच जागा. इथं दोन-तीन कागदांचे फोटो टाकलेत तर मी वाचून देईन. शेतजमिनीचे गट, नावं झाकून टाका.

चित्रनगरीकर
कोल्हापूरच्या घरांत एक गोष्ट निघू शकते जी बाहेर सहसा निघत नाही, म्हणून सावध करतो. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीपासून इथं चित्रपटाचं काम चाललं. 'प्रभात' १९२९ ला इथंच सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. सुतार, रंगारी, शिंपी, लायटिंगची माणसं, किती घरांतला एकेक माणूस स्टुडिओत होता. माळ्यावर गोल पत्र्याचा डबा आणि आत फिल्मची गुंडाळी मिळाली तर ती खेळणं म्हणून पोरांच्या हातात देऊ नका, उजेडात धरून बघायला दिवा किंवा काडी जवळ आणू नका. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची फिल्म नायट्रेटची असू शकते, ती भडकन पेट घेते आणि पाण्यानंही सहज विझत नाही. कडेवर "सेफ्टी" असा छापील शब्द असेल तर ती बहुधा ॲसिटेटची. तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती खराब होऊ लागलीय. दोन्ही प्रकारांत डबा थंड, हवेशीर जागी, बाकी सामानापासून वेगळा ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. त्या डब्यात काय असेल सांगता येत नाही. त्या काळातले कितीतरी मूकपट आज पूर्ण स्वरूपात उरलेलेच नाहीत.

न्यूजर्सीहून
वाचून डोळे भरले, आमचं घर उत्तरेश्वर पेठेत होतं. एक प्रश्न. आईकडे पंचधातूची देवीची मूर्ती आहे, पणजोबांच्याही आधीची म्हणतात. पुढच्या वेळी येईन तेव्हा इकडे आणावी म्हणतोय. चालेल का?

शिवाजी_पेठ_४१६०१२
दादा, थांबा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती पुरावशेषात मोडते. हस्तलिखिताला ७५ वर्षं. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. इतकंच नाही, अशा जुन्या मूर्तीची घरात असतानाही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते. आधी नोंदीची चौकशी करा. इथल्या घरच्यांनी आईसोबत बसून मूर्तीची हकीकत लिहून घ्यावी आणि तुम्ही ती वही न्यावी, हे मला बरं वाटतं.

न्यूजर्सीहून
हे माहीतच नव्हतं. आजच बहिणीला सांगतो. आभार.

करवीरकन्या
सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर होतोय, कारण काम सुरू झालंय. रविवारी आजींनी सांगितल्याप्रमाणे आत्या आणि काकूंना सोप्यात एकत्र बसवलं. याद्यांचा कागद मिळाला, आजी-आजोबांच्या लग्नाचा, १९४७ चा, माळ्यावरच्या पोथीत होता. तो मोठ्यानं वाचला. "पितळी परात १" इथं आल्यावर काकू म्हणाल्या ही ती नव्हे, माळ्यावरची परात आधीपासूनची. आत्या म्हणाली तीच ती. दोघींचं बराच वेळ चाललं. आणि धाकटे काका, ज्यांनी मला वाटणीचं विचारलं होतं, ते स्वतः शिडी लावून वर चढले आणि परात खाली घेऊन आले. मग त्यांनीच गदेची गोष्ट सांगायला घेतली. कुठल्या गावच्या पैलवानाशी जोड होती, किती वेळ लढत चालली, आजोबांच्या कानाला कसं लागलं. मी मोबाईलवर आवाज रेकॉर्ड केला. हे आमच्या पिढीत कुणीही ऐकलं नव्हतं. आता पुढच्या रविवारी काका बंबाचा फोटो काढायला दोघा पुतण्यांना घेऊन बसणार आहेत.

परातीवर टिंबाटिंबांनी कोरलंय, अक्षर झिजलंय. "शके १८५१" एवढं नक्की वाचता येतं, पुढं एक नाव आणि "यांची भेट". @मोडीवाचक, हे कुठलं वर्ष झालं?

मोडीवाचक
१८५१ मध्ये ७८ मिळवले की १९२९. पाडव्यापासून धरलं तर १९२९-३० चं वर्ष. नाव देवनागरीत आहे की मोडीत? त्याचा जवळून फोटो टाका, तिरका उजेड पाडून. टॉर्च बाजूनं धरली की टिंबं उठून दिसतात.

करवीरकन्या
देवनागरीत आहे, रात्री टॉर्च धरून टाकते. १९२९ म्हणजे परात आजीच्या लग्नाच्या अठरा वर्षं आधीची, पणजीच्या काळातली. काकूंचं बरोबर निघालं. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, मग याद्यांतली दुसरी परात कुठाय ते शोधा.